मुलीला अल्झायमरवर पीएचडी करायची आहे. हो म्हणू का?

ठाणेकर_अनघा
नमस्कार. सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नौपाड्यात राहतो. लेक यंदा एमएस्सी झाली, बायोटेक. मैत्रिणी एकेक करून नोकरीला लागल्या आणि हिने परवा जेवताना जाहीर केलं, पीएचडी करणार, मेंदूवर, तेही अल्झायमरवरच. का, ते विचारावं लागलं नाही. कारण समोरच बसून ताकात पापड बुडवून खात होतं.

सासूबाई ७९ वर्षांच्या. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता दुपारचे चार वाजले की स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा रे कुणीतरी" सुरू होतं. नातीला कधी ओळखतात, कधी "कुणाची गं तू, गोड आहेस" म्हणतात. पण पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे विचारा, एक अक्षर चुकत नाही.

हे म्हणतात, पाच-सहा वर्षं उंदीर कापून शेवटी हातात काय? माझी काळजी वेगळी आहे. पोर आजीला बरं करायला निघाली आहे. तेवढा वेळ आजीकडे नाही, हे तिला कळतं की नाही कोण जाणे. या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे? खरं काय ते सांगा, गोड नको.

चहाबिस्किट
पहिला! (धागा कशावर होता ते विसरलो.)

जुनाजाणता
चहाबिस्किट, हा विनोद इथे नको.

अनघाताई, स्पष्ट बोलतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे अर्ज, बिलं आणि सह्या. माझा भाचा केमिस्ट्रीत पीएचडी, वयाच्या ३४व्या वर्षी पहिली कायमची नोकरी. तोवर त्याच्या बरोबरीच्यांचे घोडबंदरचे फ्लॅट अर्धे फिटले होते. पाठवायचंच तर थेट बाहेर पाठवा.

चहाबिस्किट
माफी. खरंच.

ऐरोली_एक्सप्रेस
काकांशी निम्मा सहमत. पैशाचं म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफला (पीएचडी करणाऱ्यांची सरकारी शिष्यवृत्ती) महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. आमच्याकडे नवीन पोरांना हातात यापेक्षा कमी पडतात आणि वर मॅनेजर ऐकून घ्यावा लागतो. फरक नंतर पडतो. पोरं नोकऱ्या बदलत वर जातात, पीएचडीवाला तिथेच. तिला थोडं कोडिंग शिकू द्या, कुठेच वाया जात नाही.

सानपाडा_सेक्टर_५
करिअरचं मला कळत नाही, पण 'घरी सोडा' वाचून राहवलं नाही. माझे वडील. सकाळी दूध आणायला गेले ते संध्याकाळी तुर्भे स्टेशनच्या बाकावर सापडले. नवी मुंबईत हे फार सोपं आहे हो, सगळे सेक्टर सारखे, बिल्डिंगी सारख्या, गेटवरची जाळीसुद्धा सारखी. धडधाकट माणूस चुकतो. तेव्हापासून प्रत्येक शर्टाच्या खिशावर आतून माझा नंबर शिवलाय. खिशात ठेवलेलं कार्ड ते काढून टाकायचे. शिवलेलं काढता येत नाही.

अनघाताई, 'हेच तर घर' असं सांगू नका. वाद वाढतो. मी चप्पल घालून बाबांना जिन्याने खाली नेतो, सोसायटीला एक चक्कर मारतो आणि 'आलं बघा घर' म्हणून वर आणतो. दहापैकी सात वेळा चालतं.

डॉ_वाशीकर
सानपाडा यांनी सांगितलेलं उत्तम. वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. विसरणं म्हणजे लगेच अल्झायमर नव्हे. आधी बी-१२, थायरॉइड, नैराश्य, चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या हे बघून घ्या. यातलं बरंचसं सुधारतं. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र लावा, 'आता या वयात कशाला' म्हणू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात बहिरेपणा आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी शिक्षणही आहे. चौदाही टाळता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज.

वनौषधी
इतक्या लांब जायची गरजच नाही. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी. आपल्या ऋषींनी हे केव्हाच लिहून ठेवलंय. परदेशी कंपन्या दाबून टाकतात.

चहाबिस्किट
आला. पंधरा प्रतिसादांच्या आत येणार अशी पैज होती, सातव्यालाच आला.

मंजिरी_खारघर
अनघाताई, मी या क्षेत्रातली. होते म्हणा. थोडं लांब लिहीन.

मी २००६ साली पीएचडीला लागले. तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होतं. मेंदूच्या पेशींच्या पातळ आवरणात एपीपी नावाचं एक लांब प्रथिन असतं. दोन कात्र्या ते कापतात, आधी बीटा, मग गॅमा. मधला जो तुकडा सुटतो तो चिकट, त्याचं नाव अमायलॉइड बीटा. हे तुकडे एकमेकांना चिकटून पेशींबाहेर थर साचतात. पुढे पेशींच्या आत टाउ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरतात. मग उपाय काय? कात्री बोथट करा. आमची लॅब गॅमा कात्रीवर काम करायची.

उंदरांना हा रोग आपसूक होत नाही. त्यांच्यात माणसाचं बिघडलेलं जनुक घालावं लागतं, मग ते म्हातारे होईपर्यंत थांबायचं. वर्ष, दीड वर्ष. मग गोल टाकीत पाणी, त्यात दूध पावडर मिसळून ते पांढरं गढूळ करायचं, पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवायचा आणि उंदीर सोडायचा. रोज सोडलं की शहाणा उंदीर भिंतीवरच्या खुणा बघून चौथरा गाठतो, विसरभोळा गोल गोल पोहत राहतो. मी स्टॉपवॉच घेऊन किती दुपारी त्या टाकीपाशी काढल्या त्याची गणती नाही. एक उंदीर होता, त्याला कळलं होतं की साठ सेकंद नुसतं तरंगत राहिलं तर ही बाई स्वतःच हात घालून चौथऱ्यावर नेऊन ठेवते. तो पोहायचाच नाही.

मग मेंदूचे काप. केसाच्या जाडीच्या निम्मे, थिजवलेल्या मेंदूतून एकेक, ब्रशाने उचलून पाण्यात सोडायचे. ते उलगडतात कसे, तर साय पाण्यात टाकल्यावर उलगडते ना, तसे. थायोफ्लेविन हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की अमायलॉइडचे ठिपके हिरवे चमकतात. रोगाचं चित्र आहे, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ठाण्याला तलावपाळीवर दिवाळीत पाण्यात पडलेले दिवे आठवले. तोंडातून 'वा' निघालं आणि लाजले.

ऑगस्ट २०१०. गॅमा कात्री बोथट करणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाची माणसांवरची मोठी चाचणी थांबवली. औषध घेणाऱ्यांची बुद्धी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरली आणि त्वचेचे कर्करोगही वाढले. ती कात्री शरीरात इतर बरीच कामं करते, आम्ही सगळीच बंद पाडत होतो. माझा प्रबंध निम्मा लिहून झाला होता.

पुढे पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जर्मनीत गेले. आता शहाणी झाले होते, बीटा कात्री धरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये वेरुबेसेस्टॅट या तसल्या औषधाची चाचणी थांबली, फायदा होण्याची शक्यताच नाही म्हणून. मी ज्या होडीत बसते ती बुडते असं आई म्हणायची.

मधे आणखी एक. लांब सुट्टीत उणे ऐंशीचा फ्रीजर बंद पडला, अलार्म वाजत राहिला, ऐकायला कुणी नाही. दोन वर्षांचे नमुने मंगळवारी सकाळी पाण्यात पोहत होते. कुठे ते सांगत नाही.

२०१९ मध्ये परत आले. आता बेलापूरला औषधचाचण्यांची माहिती तपासण्याचं काम करते. पगार बरा आहे, संध्याकाळी सहाला घरी.

जुनाजाणता
म्हणजे मी म्हणतो तेच झालं की.

मंजिरी_खारघर
काका, थांबा, पूर्ण नाही झालं. पोळ्या करायला उठले होते.

आधी वनौषधी यांना. दाबून वगैरे टाकलेलं नाही. अश्वगंधेवर आपल्याच देशात काम झालं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. उंदरांना मुळाचा अर्क दिला तर मेंदूतलं अमायलॉइड कमी झालं आणि गंमत म्हणजे परिणाम मेंदूत नव्हे, यकृतात घडत होता. तिथलं एक प्रथिन वाढलं आणि त्याने अमायलॉइड रक्तातून ओढून घेतलं. सुंदर काम. पण उंदीर. उंदीर आम्हीही पुष्कळ वेळा बरे केले, माणसांवरच्या चाचण्यांचं काय झालं ते वर लिहिलंय. त्यावरून आजींना चूर्ण देऊ नका, दुसऱ्या औषधांशी काय होईल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

ते काम ज्यांच्या प्रयोगशाळेतलं, त्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांची वाट अनघाताईंच्या मुलीने बघावी असं मला वाटतं. सुरुवात मेंदूत औषधांचं काय होतं या जीवरसायनापासून, मग मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभं केलं, त्याच्या पहिल्या संचालक. नंतर बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र. आणि तिथून, लक्ष द्या, त्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात गेल्या. आंब्यांचा तालुका. पंचेचाळिशीपुढची दहा हजार खेड्यातली माणसं, अजून धडधाकट असलेली, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासायची. रक्त, मेंदूचे फोटो, स्मरणशक्ती, कान, चाल, सगळं. कुणाचं कधी आणि का बिघडतं ते बिघडण्याआधीपासून बघायचं.

उंदरापासून माणसापर्यंत यायला मला दोन बुडालेल्या होड्या लागल्या. रवींद्रनाथ आधीच आल्या.

प्रश्नचिन्ह
पण हे अमायलॉइड प्रकरणच बनावट निघालं ना? २००६ चा तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला पेपर, फोटो जुळवलेले. वीस वर्षं आणि अब्जावधी डॉलर खड्ड्यात.

मंजिरी_खारघर
तो पेपर २०२४ मध्ये मागे घेतला, खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट जोडरूपाबद्दल होता. सगळी इमारत त्यावर उभी नव्हती. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड वेगळं काढून ओळखलं. १९९१ मध्ये लंडनला एका घराण्यात एपीपीच्या जनुकात दोष सापडला, त्या घरातल्या लोकांना ऐन पन्नाशीत हा रोग व्हायचा. डाउन सिंड्रोम असलेल्यांना एकविसाव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असते, एपीपीचं जनुक तिथेच आहे आणि त्यांना हा रोग लवकर गाठतो. हे कुणी फोटोशॉपमध्ये केलेलं नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. एकच दरवाजा ठोठावत राहिलो. दुसरा ठोठावणाऱ्याला पैसे मिळणं कठीण होतं, हे मी समित्यांच्या बाहेर बाकावर बसून बघितलंय.

आणि दरवाजा थोडा उघडलाही. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अमायलॉइड धुऊन काढतं. अठरा महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली असं बातम्यांत आलं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिलं होतं, मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का ते बघायला एमआरआय करत राहायचे, आणि रोग अगदी सुरुवातीला असेल तरच. थांबत नाही, फिरत तर नाहीच.

डॉ_वाशीकर
०.४५ हा आकडा रोज एखाद्या नातेवाइकाला समजावतो. बहुतेकांना २७ च लक्षात राहतो.

सानपाडा_सेक्टर_५
मंजिरीताई, तुमचे दोन्ही लांब प्रतिसाद वाचले. बाबा आता त्या पलीकडे गेलेत. तरी वाचून बरं वाटलं, कुणी उगाच बसलेलं नाहीये.

तलावपाळी
धाग्यात उशिरा आलो. मीही निवृत्त शिक्षक, मराठीचा. अनघाताई, तुमच्या सासूबाईंचं पापड-ताक वाचून आठवलं. हा रोग ज्या बाईत पहिल्यांदा ओळखला गेला ती ऑगस्टे, फ्रँकफर्टची, १९०१ मध्ये ५१ वर्षांची. डॉक्टर अल्झायमर जेवताना तिच्याशेजारी बसून प्रश्न विचारत. ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय? 'पालक.' नवऱ्याचं नाव? 'ऑगस्टे, बहुतेक.' १९०६ मध्ये ती गेली, त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि ते थर नि गुंते सापडले. तिची फाइल मात्र हरवली होती, ती सापडली १९९५ मध्ये. विसरण्याच्या रोगाचीच फाइल विसरली गेली, काय म्हणावं.

अवांतर: औटकी कुणाला येते का अजून? आम्हाला छडीखाली पाठ करायला लावली. औट साते साडेचोवीस एवढीच उरली.

ऐरोली_एक्सप्रेस
औट म्हणजे?

तलावपाळी
साडेतीन, बाळा.

मंजिरी_खारघर
तलावपाळी काकांनी पाढ्यांकडे नेलं ते बरं झालं. अनघाताई, मला एक विचारायचंय. सासूबाईंचं निदान कधी झालं? आणि त्याआधी कुणी 'सगळं ठीक आहे' म्हणालं होतं का?

ठाणेकर_अनघा
हो! तुम्हाला कसं कळलं? निदानाच्या सव्वा वर्ष आधी एका ठिकाणी दाखवलं होतं. दहा मिनिटांची प्रश्नावली घेतली, ३० पैकी २७. 'वयोमानाप्रमाणे आहे, शब्दकोडी सोडवा' म्हणाले. आम्ही खूश होऊन वाटेत मामलेदारची मिसळ खाल्ली.

मंजिरी_खारघर
फाइल असेल तर बघा. गेलेले तीन गुण कुठले?

ठाणेकर_अनघा
माळ्यावरून काढली. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात ना, आंबा, खुर्ची, नाणं. तिन्ही शून्य. बाकी सगळं बरोबर.

मंजिरी_खारघर
वाटलंच. त्या प्रश्नावलीत 'शंभरातून सात वजा करत जा' याला पाच गुण असतात. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला ते पाच फुकट मिळतात. रोग आधी धरतो तो नवी आठवण बांधणारा भाग, कानशिलांच्या आतल्या बाजूचा. दिडकी तिथे नाही, ती सत्तर वर्षांपूर्वी दुसरीकडे मुरली. म्हणून बेरीज २७ भरली आणि जो एकच रकाना बोंबलत होता तो बेरजेत बुडाला.

उलटही होतं. शाळेत न गेलेल्या बाईला शंभरातून सात येत नाहीत, तारीख सांगता येत नाही, तिला विनाकारण रोगी ठरवतात. हरयाणात बल्लभगडला नव्वदच्या दशकात काम झालं तेव्हा ही प्रश्नावली निरक्षर माणसांसाठी नव्याने बांधावी लागली होती. अलीकडे देशभराच्या सर्वेक्षणातून साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला. बायकांत जास्त, खेड्यात जास्त. हे नीट मोजायला आपल्या भाषेतली, आपल्या माणसांची मापं लागतात. शहापूर-मुरबाडच्या आजीला काय विचारायचं आणि नौपाड्याच्या गणिताच्या बाईंना काय, हा प्रश्न परदेशातली कुठली लॅब आपल्यासाठी सोडवणार?

रक्तातल्या टाउ आणि अमायलॉइडचं प्रमाण बघून अंदाज बांधणारी तपासणी अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजूर झाली. ती इथे पोचेल तेव्हाही पाठवायचं कुणाला हे आधी ठरवावं लागेल.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं. आजीसाठी निघाली आहे, हे कारण वाईट नाही, पण ते दोन वर्षं पुरतं. नंतर रोज सकाळी उठवायला दुसरं काहीतरी लागतं. माझ्याबाबतीत ते हिरवे ठिपके होते. तिला सहा महिने कुठल्याही लॅबमध्ये किंवा पाहणीच्या कामावर पाठवा, प्रबंध वगैरे नको. काहीच निष्कर्ष न निघालेल्या आठवड्याच्या शुक्रवारी ती घरी येऊन काय बोलते ते ऐका. 'आज काय झालं माहितीये' असं म्हणाली तर जाऊ द्या.

जुनाजाणता
हे पटलं. भाच्यालाही कुणी असं सांगायला हवं होतं.
तुम्ही परत जाल का पण?

मंजिरी_खारघर
काका, हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट) म्हणणार होते. शुक्रवारी विचारा.

*(पाच महिन्यांनी)*

ठाणेकर_अनघा
धागा वर काढतेय, माफ करा. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

लेक एका पाहणीच्या प्रकल्पात मदतनीस म्हणून लागली. सकाळी कसाऱ्याची गाडी पकडते, गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारते, भर उन्हात. पहिल्या महिन्यात रडली. एका आजोबांनी प्रत्येक प्रश्नाला 'तूच सांग' म्हटलं आणि तिचा अख्खा दिवस गेला. तो शुक्रवारच होता, मंजिरीताई. घरी आली, पाय पसरून बसली आणि रात्री साडेअकरापर्यंत त्या आजोबांबद्दलच बोलत होती. हे झोपून गेले, मी ऐकलं. डिसेंबरच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरलाय.

सासूबाई आणखी खालावल्या आहेत. सोसायटीची चक्कर आता दहापैकी चारदाच चालते. शर्टाची युक्ती मी परकराच्या नाडीपाशी केली.

परवा लेक घरी सराव करत होती. आजीला म्हणाली, शंभरातून सात वजा करत जा. पाचदा केलं की थांबवायचं असतं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. ही 'बास आजी' म्हणाली, त्या थांबल्याच नाहीत. अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, डोळे मिटून, हाताने मांडीवर ठेका धरून. सोळा, नऊ, दोन. मग डोळे उघडून हिच्याकडे बघितलं आणि वर्गात विचारायच्या तशा आवाजात म्हणाल्या, "बाकी दोन उरले. लिहिलंस का?"

हिने लिहिलं.

तलावपाळी
बरोबर आहे बाईंचं.

चहाबिस्किट
चौदा साते अठ्ठ्याण्णव. मला मोबाइलवर करून बघावं लागलं.